तोट्यातली फेरी

गजर वाजायच्या थोडे आधीच वेळापत्रकसाहेबांना जाग येत असे, पण गजर वाजेपर्यंत ते डोळे मिटून पडून राहत. ठरल्या वेळेच्या आधी सुटणारी गाडी उशिरा सुटणाऱ्या गाडीहून जास्त अपराधी असते, हे मत त्यांनी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागातल्या नोकरीत बनवले होते आणि अंथरुणातही ते पाळत. गजर झाला की ते उठत, स्वयंपाकघराच्या खिडकीचे एकच दार उघडत, कारण दुसरे करकरत असे आणि बायको उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा करार होता. मग दुधाचे पातेले मंद आचेवर चढे, शेजारी चहाचे आधण, आणि दूध वर येईपर्यंतच्या वेळात साहेब उभ्यानेच वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून संपवत. इतक्या वर्षांच्या संसारात ना कधी पान अर्धवट राहिले होते, ना दूध उतू गेले होते.

त्या शुक्रवारी दूध उतू गेले. साहेब ओट्याशीच उभे होते, पण त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हते, फोन होता.

"गेलं का?" आतून बायकोने विचारले.

"वाढलाय," साहेब म्हणाले.

"मी दुधाचं विचारतेय."

"हां, ते गेलं," साहेब म्हणाले आणि फडके शोधू लागले.

वाढला होता तो बोट कंपनीच्या शेअरचा भाव. या कंपनीच्या बोटी निळ्या रंगाच्या होत्या, तिचे भागधारक होते, ठराव होते, नफा-तोटा होता. फक्त ती कंपनी जगात कुठेही नव्हती. ती एका व्हिडिओ गेममध्ये होती, आणि तिथले चलन कवड्यांचे होते.

तो खेळ लेकीने घरच्या संगणकावर आणि साहेबांच्या फोनवर घालून दिला होता, दूरच्या शहरात नोकरीला जायच्या आदल्या दिवशी. बॅग भरता भरता ती म्हणाली होती, "बाबा, फोनवर आपण दोघं काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे. त्यापेक्षा इथं भेटत जाऊ." तिचे म्हणणे खोटे नव्हते. बापलेकीचे फोनवरचे बोलणे ठरलेल्या थांब्यांवरून जाई. जेवलीस का, हो. काम कसं आहे, ठीक. पाऊस आहे का तिकडे, नाही. आईला देऊ का, द्या. चौथ्या थांब्यावर साहेब उतरत आणि फोन बायकोच्या हाती देऊन शेजारच्या खुर्चीवर बसून राहत. बायको पुढे अर्धा तास बोले. तिला एवढे बोलायला कसे सापडते, याचे साहेबांना नवल वाटे आणि थोडा हेवाही.

खेळात मात्र वेगळे होते. तिथे प्रत्येकाला एक बेट मिळे, एक झोपडी, एक कुदळ आणि वाफाभर जमीन. लेकीने त्या जगाची किल्ली म्हणून एक सांकेतिक क्रमांक ठरवला होता. सुरुवातीला तिच्या दोनचार मैत्रिणी आल्या, कंटाळल्या आणि गेल्या. राहिले बापलेक. रविवारी सकाळी निळी बोट साहेबांच्या धक्क्याला लागे, टोपी घातलेली लेक उडी मारून उतरे, आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या साहेबांना तिचा आवाज ऐकू येई.

"बाबा, कुंपण वाकडं लावलंय तुम्ही."

"वाऱ्यानं झालं असेल."

"या खेळात वारा नाहीये."

मग दोघे मिळून कुंपण सरळ करत, गाजरे उपटत. हात कामात असले की लेक बोलू लागे. तिने केलेल्या कामाचे श्रेय वरच्याने कसे लाटले, तिच्या खोलीची खिडकी उघडली की समोरची भिंतच कशी दिसते, शेजारणीचे मांजर दुपारी येऊन तिच्या टेबलावर कसे झोपते. साहेब "हं" म्हणत आणि पुढचे गाजर उपटत. गाजरे संपू नयेत असे त्यांना वाटे, म्हणून आठवडाभर ते गरजेहून जास्त पेरत.

त्यांच्या बेटाच्या टोकाला एक बंद पडलेले दीपगृह होते आणि त्याला 'विकणे आहे' अशी पाटी होती. एका रविवारी परत जाताना लेक तिथे थांबली. "हे घेतलं ना, तर वरच्या मजल्यावर माझी खोली होईल. मग बोटीची भानगड नाही. मी इथंच राहीन." एवढे बोलून ती बोटीत चढली. ती सहज बोलली होती. साहेबांनी ते सहज घेतले नाही. लेकीच्या घरातल्या खोलीत आता कपड्यांची घडवंची आणि बंद पडलेला पंखा होता. त्या खोलीवरून जाताना ते दार ओढून घेत, पण कडी लावत नसत.

गाजरे विकून दीपगृह यायला त्यांना निवृत्तीनंतरचीही काही वर्षे लागली असती. तेव्हा त्यांनी खेळातला शेअर बाजार शोधून काढला. मीठ, विटा आणि बोटी अशा तीन कंपन्या तिथे होत्या. मिठातले आणि विटांतले साहेबांना काही कळत नव्हते. पण धक्क्यावर लावलेले बोटींचे वेळापत्रक त्यांनी दोनदा वाचले. रिकाम्या बोटी एकामागोमाग एक सुटत होत्या. दोन बोटी एकाच बेटाला एकाच वेळी लागत होत्या. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याला शहराच्या बससेवेत कोणी तिकिटेही फाडू दिली नसती. गाजरांच्या पैशातून साहेबांनी चार शेअर घेतले, कारण भागधारकाला ठराव मांडता येई. दोन फेऱ्या एकत्र करण्याचा त्यांचा पहिला ठराव विरोध करायला कोणीच नसल्यामुळे लगेच मंजूर झाला. भाव वाढला. त्यांनी एक रिकामा मार्ग बंद केला. भाव आणखी वाढला. आयुष्यभर जे ज्ञान त्यांनी दुसऱ्यांच्या सहीसाठी वरच्या मजल्यावर पाठवले होते, ते पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या उपयोगी पडत होते.

त्या शुक्रवारी, दूध पुसून आणि चहा घेऊन, ते कार्यालयात गेले तेव्हा टेबलावर एक फाईल वाट पाहत होती. पहाटेची पहिली बस साहेबांच्याच वस्तीतून रेल्वे स्टेशनला जाई. ती जवळजवळ रिकामी जाते, तेव्हा बंद करावी की कसे, यावर वेळापत्रक विभागाचा अभिप्राय हवा होता. अभिप्राय साहेबांनी मनात कधीच लिहिला होता. कागदावर उतरवायचा तेवढा राहिला होता. त्याआधी त्यांनी टेबलाच्या खणात फोन धरून भाव पाहिला आणि नकळत पुटपुटले, "दुप्पट झाला की."

समोरच्या जाळीमागे रोखपाल नोटा मोजत होता. त्याची मोजणी चुकली.

दुपारच्या सुट्टीत तो साहेबांच्या शेजारी येऊन बसला, जो एरवी कधी बसत नसे. "काय दुप्पट झालं म्हणायचं, वेळापत्रकसाहेब?"

"काही नाही. एक बोट कंपनी आहे."

"तुम्ही शेअर घेता?" रोखपालाने विचारले. साहेबांनी साधी चप्पलसुद्धा आठवडाभर दुकाने हिंडून घेतल्याचे त्याला ठाऊक होते. "नाव काय कंपनीचं?"

गेम खेळतो हे सांगायची साहेबांना लाज वाटली. "तुम्हाला नाही सापडायची ती," ते म्हणाले, आणि हे अक्षरशः खरे होते.

पण न सापडणारी कंपनी म्हणजे फार आतल्या गोटातली कंपनी, असा अर्थ रोखपालाने लावला आणि चार वाजेपर्यंत तो मजलाभर पोचवला. तिकीट तपासनीस, जो साहेबांना वर्षानुवर्षे नुसती मान हलवून पुढे जाई, तो आज थांबून "तब्येत काय म्हणतेय?" असे विचारून गेला. टायपिस्ट बाईंनी त्यांचे पत्र सर्वांत आधी टाईप केले. पाच वाजता व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले, दार लावून घेतले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"कानावर आलंय," व्यवस्थापक म्हणाले. "मी काही चौकशी करत नाहीये. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढलीत आपण. जरा आमच्याकडंही बघा."

साहेबांच्या हातातले बिस्किट हातातच राहिले. खोटे त्यांना जमत नसे, आणि व्यवस्थापकांसमोर तर मुळीच नाही. त्यांनी सगळे सांगितले. बेट, कवड्या, गाजरे, निळ्या बोटी. फक्त लेकीचे आणि दीपगृहाचे सांगितले नाही. ते कंपनीच्या कारभाराशी संबंधित नव्हते.

व्यवस्थापकांनी बशीतले एक बिस्किट स्वतः घेतले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे मार्ग बंद करायचा ठराव केला की लगेच बंद होतो?"

"लगेच."

"वर पाठवावा लागत नाही?"

"वर कोणी नसतंच."

"शिष्टमंडळं? निवेदनं?"

"नाही."

व्यवस्थापकांनी पेन उचलले. "आत शिरायचा क्रमांक काय आहे?"

सोमवारी अख्खा विभाग त्या जगात शिरला होता. रोखपालाने बेट घेताच शेजारच्या बेटाशी हद्दीवरून वाद घातला. तिकीट तपासनीस इतरांच्या बेटांवर जाऊन कुंपणे तपासू लागला. टायपिस्ट बाईंनी मात्र एक गाय घेतली आणि त्या कोणाच्या अध्यात-मध्यात पडल्या नाहीत. सगळ्यांनी साहेबांच्या सल्ल्याने बोट कंपनीचे शेअर घेतले आणि दुपारच्या सुट्टीत डबे उघडून भागधारकांची सभा भरू लागली. जी माणसे वर्षानुवर्षे एक थांबा चार पावले हलवायला परवानगीची वाट पाहत होती, ती आता पोळीचा घास चावता चावता समुद्र आखून देत होती. विभागात इतका उत्साह कोणी पाहिला नव्हता. टेबलावरच्या फायली मात्र होत्या तिथेच होत्या.

एका सभेत व्यवस्थापक म्हणाले, "प्रत्येक मार्गाचा वेगळा ठराव कशाला? एकदाच नियम करून टाका. वेळापत्रकसाहेब, मसुदा तुम्ही लिहा. तुमच्या भाषेला तोड नाही."

साहेबांनी तो मन लावून लिहिला. टायपिस्ट बाईंनी वाचून दाखवला. "ज्या मार्गावरील प्रवासी संख्या एका बाकाएवढीही नसेल, तो मार्ग समाधानकारक नसल्याचे मानून आपोआप बंद करण्यात यावा, आणि असा मार्ग, दोन्ही टोकांकडून प्रवाशांची मागणी सिद्ध झाल्याखेरीज, पुन्हा सुरू करण्यात येऊ नये."

"दोन्ही टोकांचं कशाला?" तपासनिसाने विचारले.

"एका बाजूनं माणसं आणायची आणि दुसऱ्या बाजूनं बोट रिकामी पाठवायची, याला मार्ग म्हणत नाहीत," साहेब म्हणाले. "याला उधळपट्टी म्हणतात." रोखपालाने टेबलावर थाप मारून दाद दिली. ठराव एकमताने मंजूर झाला.

आपल्या बेटाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि तो का शिवला नाही याचे उत्तर कुठल्याही तक्त्यात नव्हते. रविवारी लेक धक्क्यावर उतरली की त्यांना बोट भरून आल्यासारखी वाटे. तिच्या मागे कोणी उतरते का, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

आठवडा संपता संपता भाव असा चढला की साहेबांनी थोडे शेअर विकले आणि दीपगृह विकत घेतले. शनिवारची सगळी संध्याकाळ ते वरच्या मजल्यावरची खोली लावत होते. पलंग, टेबल, दोन खिडक्या. खिडक्या त्यांनी मुद्दाम समुद्राच्या बाजूला घेतल्या, भिंत दिसू नये म्हणून. खेळात मांजर विकत मिळते का हे ते शोधत होते तेव्हा बायको खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुणाची खोली ती?"

"तिची."

बायको संगणकाकडे वाकली. "खिडक्यांच्या पडद्यांचा रंग तिला आवडणारा घेतलाय," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सकाळी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दीपगृहाचा दिवा भर उजेडात लावून ठेवला आणि हेडफोन लावून धक्क्यावर बसले. बोटीची वेळ झाली, पण बोट आली नाही. बोट उशिरा येऊ शकत नाही हे त्यांना माहीत होते, कारण ते वेळापत्रक त्यांनीच आखले होते. तरी ते बसून राहिले. मग टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा, तुमच्या बेटाची बोट बंद झालीय," लेक म्हणाली. "इथं धक्क्यावर पाटी लागलीय. थांबा, वाचते. प्रवासी संख्या एका बाकाएवढीही नसल्यामुळे सदर मार्ग समाधानकारक नसल्याचे मानून..." ती थांबली. "बाबा, ही भाषा तुमची आहे ना?"

"मसुदा माझा आहे," साहेब म्हणाले. "पण तो सर्वसाधारण होता."

लेक हसली. खूप हसली. साहेबही हसायच्या बेतात आले होते, तेवढ्यात तिचे हसणे संपले आणि मागे नुसती खरखर उरली. "बरं, मग आज राहू दे," ती म्हणाली. "तशीही झोप राहिलीय माझी. आईला सांगा मी संध्याकाळी फोन करते."

दीपगृहाविषयी सांगायचे राहून गेले. साहेबांनी फोन ठेवला. संगणकावर त्यांच्या बेटाभोवती पाणी होते आणि ते अगदी नेमाने हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डबे उघडायच्या आधीच, त्यांनी विषय काढला. "ती एक फेरी परत चालू करावी म्हणतो. रविवारची. माझ्या बेटाची."

"पण ती तर तोट्यात होती," रोखपाल म्हणाला. त्याचे आकडे तयार होते. "आठवड्याला एक माणूस. एका माणसासाठी अख्खी बोट? अहो, तुम्हीच तर शिकवलंत."

"त्याला उधळपट्टी म्हणतात म्हणालात," तपासनिसाने आठवण करून दिली.

व्यवस्थापकांनी डब्याचे झाकण ठेवत समजावणीच्या सुरात सांगितले, "साहेब, कोणाची तरी गैरसोय होणारच. आपण कुठवर बघत बसणार? त्या प्रवाशाला सांगा, दुसरी काही सोय करून घ्या."

हे वाक्य साहेबांच्या ओळखीचे होते. त्यांनी ते स्वतः कितीतरी पत्रांच्या शेवटी घातले होते, आणि त्यांच्या अक्षरात ते फार समंजस दिसत असे.

"तो प्रवासी माझी लेक आहे," ते म्हणाले.

रोखपालाने आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने व्यवस्थापक खाकरले आणि म्हणाले, "मग विशेष बाब म्हणून करून टाकू. काय हो?" सगळ्यांनी माना हलवल्या. टायपिस्ट बाईंनी फोनवर ठराव टाकला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खेळ घेत नाहीये. नियम आड येतोय. दोन्ही टोकांकडून मागणी हवी म्हणतो. तिच्या टोकाकडून आहे." त्यांनी चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिले. "तिचं परत जाणं तो धरत नाही. तुमच्या टोकाकडून स्वतःहून निघालेलं कधीच कोणी दिसत नाही, साहेब. एकदाही नाही. तुम्ही कधी गेलाच नाहीत का तिच्या बेटावर?"

"आता कसा जाणार? बोट बंद आहे."

"चालू होती तेव्हा?"

बाईंच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. साहेबांनी डब्याचे झाकण लावले. त्यात भाजी तशीच होती.

लेकीचे बेट कसे आहे, तिने तिथे काय पेरले आहे, तिचे कुंपण सरळ आहे की वाकडे, यातले काहीच त्यांना ठाऊक नव्हते. घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ते हाच विचार करत होते. थांबे येत होते आणि जात होते. खेळाचा विचार करता करता तो कधी खेळाचा राहिला नाही, हे त्यांना कळले नाही. तिच्या खोलीच्या खिडकीतून भिंत दिसते, हे त्यांना तिने सांगितले म्हणून माहीत होते. ती कसली भिंत, विटांची की रंगवलेली, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"तिनं बोलवायला नको का?" चहा घेताना ते बायकोला म्हणाले, मध्येच, कोणी काही विचारले नसताना. पण तिला विषय लगेच कळला.

"ती काय म्हणते माहितीये?" बायकोने कप खाली ठेवला. "बाबांना सुट्टी मिळत नाही ना, मग मी कशाला आग्रह करू. दर वेळी म्हणते. आणि तुम्ही म्हणता, ती कामात आहे, आपण कशाला मध्ये जायचं. मी आपली दोघांचे निरोप इकडून तिकडे करते. मलाच शेअर द्या त्या बोटीचे."

साहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग त्यांनी स्वतःहून फोन लावला, जो एरवी नेहमी तिकडून येई.

"जेवलीस का?"

"अजून नाही. काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे. काम कसं आहे?"

"ठीक."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही, बाबा."

आता पुढचा थांबा आईचा होता. बायकोने सवयीने हात पुढे केला. साहेबांनी फोन दिला नाही.

"आम्ही येतोय," ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकली. मग तिचा आवाज आला, लहानपणी ताप आल्यावर येई तसा बारीक. "कधी?"

"रविवारी पोचू. तुला चालेल ना?"

"माझ्याकडे गादी एकच आहे," लेक म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "खोली लहान आहे, बाबा. खिडकीतून काही दिसत नाही."

"गादी आम्ही आणतो," साहेब म्हणाले. "आणि भिंत बघायचीच आहे मला."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी थोडा विचार करून 'दुसऱ्या टोकाची पाहणी' असे घातले. व्यवस्थापकांनी ते वाचले, साहेबांकडे पाहिले, पुन्हा वाचले आणि सही केली. "तिकडून भावावर लक्ष ठेवा तेवढं," ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली. आपले उरलेले सगळे शेअर त्यांनी सकाळीच टायपिस्ट बाईंच्या नावावर केले होते. बाईंना त्यातून गाईसाठी गोठा बांधायचा होता.

मग त्यांनी टेबलावरची स्टेशनच्या बसची फाईल ओढली. मनात लिहून ठेवलेला अभिप्राय होता तसाच तयार होता, एकही शब्द बदलायची गरज नव्हती. त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि स्वच्छ, गोल अक्षरात लिहिले, 'मागणी एका टोकाकडून पाहिली आहे. दुसरे टोक पाहिलेले नाही. फेरी चालू ठेवावी.' खाली सही केली, तारीख घातली आणि फाईल बाहेर जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवली. कोणाला काही सांगितले नाही.

शनिवारी पहाटे उजाडायच्या बेताला दोघे वस्तीच्या थांब्यावर उभे होते. बायकोच्या हातात बॅग आणि दोन डबे. साहेबांच्या खांद्यावर दोरीने आवळलेली गादी. बस वेळेवर आली, आणि ती वेळेवर आल्याचे त्यांनी घड्याळ न पाहता ओळखले. आत दिवे होते, बाके होती, पुसलेल्या काचा होत्या आणि माणूस एकही नव्हता. गादी दारात अडकली. ड्रायव्हर उतरून आला, कंडक्टरने आतून ओढली, साहेबांनी मागून रेटली, आणि शेवटी ती एका बाकावर खिडकीशी जाऊन बसली.

"या गाडीला कोणी नसतं," कंडक्टर हात झटकत म्हणाला. "बंद होणार म्हणतात. त्या वेळापत्रकवाल्यांच्या टेबलावर आहे फाईल. त्यांना काय, बसल्या जागी रेघ मारायची. कधी आलेत का या गाडीनं?"

बायको खिडकीबाहेर पाहू लागली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"नसतील आले," साहेब म्हणाले.

"स्टेशन दोन ना?" कंडक्टरने तिकिटे काढली, मग बाकावरच्या गादीकडे बघून डोके खाजवले. "आणि तिचं सामानाचं अर्धं तिकीट लागेल हो. जागा अडवणाऱ्या सामानाला अर्धं. मी नाही केला नियम, वरून आलाय."

तो नियम कुठून आला हे साहेबांना ठाऊक होते. मसुदा त्यांचाच होता.

"तिचंही पूर्ण द्या," ते म्हणाले.

"गादीचं? अहो, अर्धंच आहे."

"राहू दे. तीन पूर्ण द्या. बाकभर प्रवासी झाले पाहिजेत."

कंडक्टरने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले, मग खांदे उडवले आणि तीन तिकिटे टरकावली. साहेबांनी ती घडी करून इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली, बायकोशेजारी बसले आणि पुढच्या बाकावरची गादी कलंडू नये म्हणून तिच्यावर एक हात ठेवला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिले. गाडीत माणसे आहेत याची खात्री झाल्यावर त्याने ती हळू सोडली.